इझुमो शोधणारी अँटिबॉडी: शुक्राणूंच्या कामात ती वापरायची कशी, जपायची कशी

शुक्राणू अंडपेशीपर्यंत पोहोचला, तिच्याभोवतीचं पारदर्शक कवच भेदून आत शिरला, तरी फलन झालं असं म्हणता येत नाही. दोन्ही पेशींची पटलं एकमेकांत मिसळायची बाकी असतात. त्यासाठी शुक्राणूच्या बाजूने एक प्रथिन लागतंच लागतं. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातल्या मासारू ओकाबे यांच्या गटाने २००५ साली ते 'नेचर'मध्ये जाहीर केलं. लग्नं जुळवणाऱ्या देवतेसाठी जपानभर ख्याती असलेल्या इझुमोच्या देवस्थानावरून त्याचं नाव इझुमो ठेवलं. पुढे त्याच्यासारखी आणखी प्रथिनं सापडली म्हणून आज त्याला इझुमो-१ म्हणतात.

हे प्रथिन ज्यांच्यात नाही असे उंदीर याच गटाने तयार केले. त्यांतल्या माद्यांना पिल्लं झाली, नर मात्र पूर्णपणे वंध्य निघाले. त्यांचे शुक्राणू दिसायला ठीक होते, पोहतही होते, कवचही पार करत होते. पण अंडपेशीच्या पटलापाशी येऊन अडकत होते. त्याच शुक्राणूंना सुईने थेट अंडपेशीत सोडलं तेव्हा गर्भ वाढले. म्हणजे त्यांच्यात नेमकं पटलं मिसळण्याचंच काम अडत होतं. अंडपेशीवर इझुमोला धरणारं जोडीदार प्रथिन 'जूनो' २०१४ साली केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत सापडलं आणि २०१६ मध्ये दोघांच्या जोडीची त्रिमितीय रचनाही हाती आली.

या सगळ्याची सुरुवात एका अँटिबॉडीपासून झाली. अँटिबॉडी म्हणजे एखादा ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन. ऐंशीच्या दशकात ओकाबे यांच्या गटाकडे 'ओबीएफ-१३' नावाची अँटिबॉडी होती. ती उंदराच्या शुक्राणूंना चिकटली की अंडपेशीशी त्यांचं मिसळणं थांबायचं. ती नक्की कशाला चिकटते याचा माग काढता काढता इझुमो सापडलं. अँटिबॉडी आधी आणि प्रथिन नंतर, असा हा क्रम आहे. आज एखादा विद्यार्थी कॅटलॉगमधून इझुमोची अँटिबॉडी मागवतो तेव्हा हाच धागा त्याच्या हातात येतो, म्हणून तिच्याकडे नुसतं 'केमिकल' म्हणून पाहू नये असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि पशुवैद्यक महाविद्यालयांतही शुक्राणूंवर काम करणारे विद्यार्थी आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि प्रयोगशाळेत नेमकं काय चालतं याचं कुतूहल असलेल्या कुणासाठीही. मला सांगायचंय ते एवढंच: अशा अँटिबॉडीचं उत्तर दोन अवस्थांवर अवलंबून असतं. शुक्राणू कोणत्या अवस्थेत आहे, आणि अँटिबॉडीची ट्यूब कोणत्या अवस्थेत आहे. यांतली एक जरी माहीत नसेल तरी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्यांचा, म्हणजे अँटिबॉडी जिथे चिकटली तिथल्या चमकणाऱ्या रंगाचा, अर्थ लावता येत नाही.

आधी शुक्राणूची अवस्था.

शुक्राणूच्या डोक्याच्या पुढच्या भागात ॲक्रोसोम नावाची चपटी पिशवी असते. तिच्यात विकरं (एन्झाइम) भरलेली असतात. शुक्राणू अंडपेशीकडे जात असताना ही पिशवी फुटते. तिचं बाहेरचं पटल शुक्राणूच्या पृष्ठपटलाशी जागोजागी मिसळतं, विकरं सांडतात आणि पिशवीचं आतलं पटल उघडं पडतं. इझुमो या पिशवीच्या पटलात असतं. म्हणजे ताज्या, शाबूत शुक्राणूच्या पृष्ठभागावर ते नसतंच, झाकलेलं असतं. पिशवी फुटली की ते बाहेर येतं आणि डोक्याच्या मधल्या पट्ट्याकडे, ज्याला विषुववृत्तीय भाग म्हणतात तिकडे, सरकतं. अंडपेशीशी मिसळण्याची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

याचा व्यवहारात अर्थ काय? जिवंत शुक्राणू नुसते धुऊन त्यांच्यावर अँटिबॉडी टाकली, तर बहुतेक शुक्राणू कोरे दिसतील. नवखा विद्यार्थी इथे म्हणतो, 'अँटिबॉडी खराब आहे.' अँटिबॉडी खराब नसते, ती फक्त झाकलेल्या प्रथिनापर्यंत पोहोचू शकत नाही. अँटिबॉडी सुमारे १५० किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू आहे, तो शाबूत पटलातून आत जात नाही. उलट तेच शुक्राणू फॉर्मल्डिहाइडने स्थिर करून, ट्रायटनसारख्या डिटर्जंटने किंवा थंड मिथेनॉलने त्यांची पटलं सच्छिद्र केली, तर जवळजवळ प्रत्येक डोक्यावर टोपीसारखी चमक दिसेल. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पहिल्या पद्धतीने कळतं की किती शुक्राणूंचा ॲक्रोसोम फुटलाय, दुसरीने कळतं की इझुमो मुळात आहे का. आपल्याला कोणता प्रश्न विचारायचाय हे ठरवल्याशिवाय फ्रीझर उघडूच नये.

जिवंत शुक्राणूंवर काम करायचं असेल तर त्यांना आधी कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि अल्ब्युमिन असलेल्या माध्यमात काही तास ३७ अंशांवर ठेवतात. या तयारीला कपॅसिटेशन म्हणतात. मग कॅल्शियम आयनोफोर, म्हणजे पेशीत कॅल्शियम शिरू देणारं रसायन, देऊन ॲक्रोसोम मुद्दाम फोडतात. आयनोफोर न दिलेले शुक्राणू शेजारी ठेवलेच पाहिजेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि मेलेले शुक्राणू वेगळे ओळखणारा रंग, उदाहरणार्थ प्रोपिडियम आयोडाइड, सोबत हवाच. मेलेल्या पेशींचं पटल फाटलेलं असतं आणि त्यांच्यात कोणतीही अँटिबॉडी शिरून चिकटून बसते. फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या तंत्राच्या, आलेखावर दिसणारा सुंदर 'पॉझिटिव्ह' उंचवटा कित्येकदा निव्वळ मेलेल्या शुक्राणूंचा असतो.

आता अँटिबॉडी नेमकं काय ओळखते ते पाहू. ती अख्खं प्रथिन ओळखत नाही, त्याचा एक छोटा तुकडा ओळखते. इथे घडी घातलेल्या साडीचं उदाहरण चपखल बसतं. घडीत दोन लांबचे काठ शेजारी आले की एक नवी नक्षी तयार होते, आणि साडी उलगडली की ती नक्षी मोडते. याउलट पदरावरची एखादी बुट्टी घडीत आत दडलेली असते आणि उलगडल्यावरच दिसते. काही अँटिबॉडी पहिल्या प्रकारची नक्षी ओळखतात, काही दुसऱ्या प्रकारची. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून हवं ते प्रथिन अँटिबॉडीने पट्ट्याच्या (बँडच्या) रूपात शोधण्याच्या पद्धतीत, प्रथिन एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळून पूर्ण उलगडलेलं असतं. जिवंत शुक्राणूवर ते घडीत असतं. म्हणून वेस्टर्नमध्ये उत्तम चालणारी अँटिबॉडी जिवंत पेशींवर गप्प बसू शकते, आणि जिवंत पेशींवर चालणारी वेस्टर्नमध्ये. इझुमोमध्ये गंधकाचे बंध आहेत, त्यामुळे नमुन्यात ते बंध तोडणारं डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल घातलंय की नाही यानेही फरक पडू शकतो. डेटाशीटवर ज्या पद्धतीपुढे 'तपासलेलं' असं लिहिलेलं नाही, त्या पद्धतीत ती चालेल असं गृहीत धरू नका.

तीच गोष्ट प्राण्याची. पहिल्या शोधनिबंधातच उंदराचं इझुमो सुमारे ५६ किलोडाल्टनला आणि माणसाचं सुमारे ३७ किलोडाल्टनला दिसलं होतं. माणसाविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी उंदराला चालेलच असं नाही, आणि बैल किंवा रेड्याच्या वीर्यावर काम करणाऱ्यांनी तर स्वतः तपासल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. वेस्टर्नमध्ये बँड अपेक्षित जागी नसेल तर लगेच 'नवा प्रकार सापडला' असं लिहायला बसू नका. आधी नमुना तपासा. शुक्राणूंमध्ये प्रथिनं चिरणारी विकरं भरपूर असतात, त्यामुळे प्रथिनांचा अर्क काढताना ती रोखणारं मिश्रण घातलं नाही तर तुकड्यांचेच बँड मिळतात.

ही अँटिबॉडी खरोखर इझुमोच ओळखते हे सिद्ध कसं करायचं? इतर पेशींमध्ये जनुक तात्पुरतं दाबून टाकता येतं, शुक्राणूत ती सोय नाही. परिपक्व शुक्राणू नवा आरएनए बनवतच नाही, त्याचं केंद्रक घट्ट आवळून बंद झालेलं असतं. मग मार्ग उरतात ते असे. इझुमो नसलेल्या उंदराचे शुक्राणू किंवा वृषण मिळाले तर त्याहून चांगला पुरावा नाही. ते बहुतेकांना मिळत नाहीत. दुसरा मार्ग आपल्याकडे सहज जमण्यासारखा आहे: एचईके-२९३ सारख्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींमध्ये इझुमोचं जनुक घालायचं आणि न घातलेल्या पेशी शेजारी ठेवायच्या. एकीत बँड, दुसरीत कोरं. तिसरा मार्ग अगदी स्वस्त आहे. इझुमो वृषणात बनतं, त्यामुळे त्याच उंदराच्या यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा अर्क वेस्टर्नमध्ये शेजारच्या लेनमध्ये चालवा. तिथेही तोच बँड आला, तर ती अँटिबॉडी भलत्यालाच धरतेय.

यासोबत फक्त सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला धरून चमक देणारी, अँटिबॉडी टाकलेली एक स्लाइड प्रत्येक वेळी हवीच. शुक्राणू चिकट असतात. त्यांचा मधला, मायटोकाँड्रियांनी भरलेला भाग काही वेळा कारण नसताना चमकतो, आणि ज्याच्यात अँटिबॉडी बनवतात त्या सशाच्या रक्तजलात लस देण्याआधीपासूनच शुक्राणूंना चिकटणारे घटक असू शकतात. म्हणून पॉलिक्लोनल अँटिबॉडी (प्राण्याच्या रक्तातलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) वापरत असाल तर त्याच जातीच्या प्राण्याच्या साध्या आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या नेहमीच्या अँटिबॉडीची, तेवढ्याच प्रमाणातली स्लाइडही ठेवा. तुलनेसाठीचं हे नियंत्रण (कंट्रोल) वेळखाऊ वाटतं, मान्य आहे. पण त्यावाचून काढलेलं छायाचित्र प्रबंधात छापण्यालायक नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रमाणाबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. 'एकास पाचशे' हे प्रमाण स्वतःहून काहीच सांगत नाही. मूळ अँटिबॉडी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर एकास पाचशे म्हणजे २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. दुसऱ्या कंपनीची ०.२ मिलिग्रॅमची असेल, तर तेच प्रमाण ०.४ होतं, पाचपट कमी. म्हणून वहीत नेहमी मायक्रोग्रॅममध्ये लिहा. नवी अँटिबॉडी आली की डेटाशीटवरच्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन पायऱ्या करून पाहा आणि सगळ्यात उजळ चित्र निवडू नका. खरी चमक आणि नियंत्रणाची चमक यांतलं अंतर जिथे सर्वांत जास्त, ते प्रमाण आपलं. स्लाइड ओलसर डब्यात रात्रभर ४ अंशांवर ठेवणं मला तासाभराच्या घाईपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. डेटाशीटवर 'सामान्य तापमान' असतं ते २० ते २५ अंशांचं. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या एसी नसलेल्या खोलीत ते तापमान नसतं, आणि स्लाइड कडेने वाळली की त्या कडा खोट्या चमकतात.

आता ट्यूबची अवस्था.

अँटिबॉडी तशी दणकट असते. बर्फाच्या पिशव्यांसोबत निघालेलं पार्सल दोन दिवस उशिरा, बर्फ वितळल्यावर पोहोचलं, तरी साधी आयजीजी अँटिबॉडी बहुधा शाबूत असते. लगेच फेकू नका. तारीख आणि पार्सलची स्थिती लिहून ठेवा आणि नियंत्रणांसह तपासा. तिचं खरं नुकसान होतं ते पुन्हा पुन्हा गोठण्या-वितळण्याने. पाणी गोठताना शुद्ध बर्फाचे स्फटिक बनतात आणि क्षार व प्रथिन उरलेल्या थोड्या द्रवात दाटीने ढकलले जातात. सोडियम फॉस्फेटच्या बफरमध्ये तर एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि उरलेला द्रव आम्लधर्मी होत जातो. या दाटीत आणि आम्लात रेणूंच्या घड्या सैल होतात, ते एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. एका फेरीने फार बिघडत नाही. दर आठवड्याला तीच ट्यूब काढली आणि ठेवली, की वर्षाअखेरीस कमकुवत सिग्नल आणि ठिपक्याठिपक्यांचं बॅकग्राउंड उरतं.

उपाय साधा आहे, फक्त पहिल्या दिवशी करायचा असतो. ट्यूब आली की थोडा वेळ सेंट्रिफ्यूज करून झाकणाला लागलेले थेंब खाली आणा. मग तिचे छोटे वाटे करा, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ॲलिकॉट. एका वेळेला लागेल तेवढंच एका ट्यूबमध्ये, पण १० मायक्रोलिटरपेक्षा कमी नको. फार थोडा द्रव असेल तर बाष्पीभवनाने आणि प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून त्यातला मोठा हिस्सा वाया जातो. प्रथिन कमी चिकटणाऱ्या ट्यूब मिळाल्या तर त्या घ्या. प्रत्येकीवर नाव, लॉट (उत्पादनाच्या खेपेचा) क्रमांक, प्रमाण आणि तारीख लिहा. नुसतं 'इझ' लिहिलेल्या ट्यूबचा पुढच्या विद्यार्थ्याला काडीचा उपयोग नाही. वितळलेला वाटा ४ अंशांवर ठेवून वापरा, परत गोठवू नका. आणि पातळ केलेली अँटिबॉडी त्याच दिवशी संपवा, कारण पातळ द्रावणात प्रथिन लवकर बिघडतं.

ट्यूबमध्ये ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर हिशोब बदलतो. असं द्रावण उणे २० अंशांना गोठतच नाही, दाट पाकासारखं राहतं. तिथून थेट पिपेटने घेता येतं, म्हणून ते उणे २० लाच ठेवावं. उणे ८० ला ठेवलं तर ते घट्ट होतं आणि ग्लिसरॉलचा फायदाच जातो. दाट द्रावण पिपेटला बाहेरूनही लगडतं, तेव्हा टोक जेमतेम बुडवा आणि सावकाश ओढा. कोरडी पावडर आली असेल तर आधी सेंट्रिफ्यूज करा, डेटाशीटवर सांगितलेलं पाणी किंवा बफर घाला, थोडा वेळ तशीच राहू द्या आणि हलकेच उलटी-सुलटी करा. व्हॉर्टेक्सवर फेस काढू नका, हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनं उलगडतात.

चमकणारा रंग आधीच जोडलेली अँटिबॉडी असेल तर ती ४ अंशांवर, अंधारात, फॉइल गुंडाळून ठेवा. फायकोएरिथ्रिनसारखे रंग म्हणजे स्वतःच मोठी प्रथिनं असतात, ती गोठवल्याने बिघडतात.

फ्रीझर कोणता, याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. बर्फ न साचणारे, 'फ्रॉस्ट-फ्री' म्हणून विकले जाणारे फ्रीज आतला बर्फ घालवण्यासाठी मधूनमधून स्वतःहून गरम होतात. दुधाला आणि मटाराला ते चालतं. अँटिबॉडीला तो रोज लागणारा गोठण्या-वितळण्याचा फेरा आहे, आणि तो कुणाच्याही नोंदवहीत येत नाही. बर्फ साचणारा जुना फ्रीझरच इथे चांगला. ट्यूब दारातल्या कप्प्यात न ठेवता मागच्या बाजूला, थर्माकोलच्या डब्यात ठेवा. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात, जिथे भारनियमन किंवा पावसाळ्यात तासन् तास वीज जाणं नेहमीचं आहे, तिथे ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी मागवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. वीज गेल्यावर फ्रीझर उघडून 'बघू तरी' म्हणू नये. दार बंद राहिलं तर आतली थंडी बराच वेळ टिकते.

बहुतेक ट्यूबमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून थोडं सोडियम अझाइड असतं, साधारण ०.०२ ते ०.०९ टक्के. शुक्राणूंच्या कामात त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. अझाइड मायटोकाँड्रियातल्या श्वसनाच्या साखळीचं शेवटचं विकर अडवतं. जिवंत शुक्राणूंवर अँटिबॉडी टाकून हालचाल किंवा फलन मंदावतं का ते पाहायचं असेल, तर मंदावणं इझुमोमुळे की अझाइडमुळे हे कळणार नाही. अशा प्रयोगासाठी अझाइड नसलेली अँटिबॉडी मागवावी किंवा डायलिसिसने अझाइड काढावं, आणि ते जमत नसेल तर तेवढ्याच अझाइडचं नियंत्रण ठेवावं. अझाइड सिग्नल देण्यासाठी सेकंडरीला जोडतात त्या एचआरपी या विकरालाही रोखतं, त्यामुळे एचआरपी जोडलेली सेकंडरी अझाइडच्या बफरमध्ये ठेवू नये. ते विषारी आहे, आम्लासोबत विषारी वायू सोडतं, आणि शिसं किंवा तांब्याच्या नळांत साचलं तर स्फोटक क्षार बनतात. ट्यूबमधलं प्रमाण किरकोळ असलं तरी मूळ द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही, आपल्या संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या नियमाने द्यायचं.

माणसाचं वीर्य हाताळताना नैतिक समितीची परवानगी, दात्याची लेखी संमती आणि हातमोजे या गोष्टी अँटिबॉडीच्या आधी येतात. नमुना ३७ अंशांवर साधारण अर्धा तास ठेवून पातळ होऊ द्या आणि नीट धुवा. वीर्यात पांढऱ्या पेशीही असतात, त्यांच्या पृष्ठभागावर अँटिबॉडीचा दांडा धरून ठेवणारी प्रथिनं असतात आणि त्या सगळ्यांत आधी चमकतात. घनतेच्या थरांमधून गाळून घेतलेले शुक्राणू त्यासाठी बरे.

एकच अँटिबॉडी दुसऱ्यांदा मागवताना लॉट क्रमांक पाहा. पॉलिक्लोनल म्हणजे एका विशिष्ट सशाने दिलेलं मिश्रण. दुसरा ससा, दुसरं मिश्रण. जुन्या लॉटचा एखादा वाटा राखून ठेवा आणि नव्याशी एकाच दिवशी, एकाच नमुन्यावर ताडून पाहा. १९७५ साली कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच पेशीकुळातून एकसारखी अँटिबॉडी बनवण्याची रीत दाखवली, तिने हा प्रश्न बराच सुटला. आता रिकॉम्बिनंट, म्हणजे माहीत असलेल्या जनुकावरून बनवलेल्या, अँटिबॉडीत तर तिचा अनुक्रमच माहीत असतो, म्हणून दोन लॉटमधला फरक आणखी कमी होतो. परवडत असेल तर तीच घ्यावी. शोधनिबंधात फक्त कंपनीचं नाव देऊन भागत नाही. कॅटलॉग क्रमांक, लॉट, मायक्रोग्रॅममधलं प्रमाण, स्थिरीकरणाची पद्धत आणि नियंत्रणं, एवढं लिहिलं तर पुण्यातला निकाल कोची किंवा ओसाकातल्या माणसाला पुन्हा करून पाहता येतो.

मूल होत नसल्याने माहिती शोधणाऱ्या जोडप्यांपर्यंत हा लेख पोहोचला तर त्यांच्यासाठी एक खुलासा. 'शुक्राणूविरोधी अँटिबॉडी' ही वेगळी गोष्ट आहे. ती शरीरच स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या शुक्राणूंविरुद्ध बनवतं आणि तिच्यासाठी वेगळी तपासणी असते. इथे सांगितलेल्या ट्यूबवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं. त्यामागे निदानासाठी लागणारी तपासणी आणि मान्यता नसते, म्हणून तिच्या जोरावर कुणालाही 'तुमच्यात इझुमो नाही' असा रिपोर्ट देता येत नाही. असा रिपोर्ट कुणी दिलाच, तर त्याच्यावर उपचार ठरवण्याआधी वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना तो दाखवा.